घरातले लाकूड पोखरणारे मुंगळे: बडोद्याच्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात पहिला जोराचा पाऊस झाला की आठवड्याभरात हे प्रश्न यायला लागतात. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातली जुनी घरं एकीकडे आणि मांजलपूर, गोत्रीकडची टेनामेंटं (सामाईक भिंतीची जोडघरं), फ्लॅट दुसरीकडे. मी जुन्या घरांच्या लाकूडकामाची दुरुस्ती बघतो, त्यामुळे उत्तरांत कीटकनाशकाआधी पाण्याच्या गळतीचा विषय सारखा येईल. त्याला कारण आहे, ते दुसऱ्या प्रश्नात सांगितलंय.

1. घरात मोठे काळे मुंगळे फिरतात. लाकूड पोखरणारे म्हणतात ते हेच का?

कूळ तेच, पण सुताराला बोलावण्याआधी जरा थांबा. कॅम्पोनोटस या वंशात जगभर हजाराहून जास्त जाती आहेत. इंटरनेटवर दिसणारे भिंती पोखरल्याचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथली घरं लाकडी सांगाड्याची, म्हणून नुकसानही तसं. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कंप्रेसस, मुख्यतः जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी बिऱ्हाड करतो. तो घरात येतो तो गोडासाठी आणि पाण्यासाठी. तुमच्या स्वयंपाकघरातली रांग बऱ्याचदा बाहेरच्या कडुनिंबाखालून आलेली असते.

तरीही काही वेळा बिऱ्हाड घरातच निघतं: बाथरूमच्या कुजक्या चौकटीत, पोकळ दारात, माळ्यावरच्या ओल्या फळ्यांत. म्हणून मुंगळ्याची जात कोणती यापेक्षा तो राहतो कुठे हे आधी शोधायचं. ते कसं, हे प्रश्न 6 मध्ये.

ओळख पटवायची असेल तर एक मुंगळा पेल्याखाली धरा. पाठ बाजूने पाहिली तर सलग कमानीसारखी गोल दिसते, खाचखळगे नसतात. कमरेवर एकच उंचवटा असतो. एकाच रांगेत लहान मुंगळे आणि मोठ्या डोक्याचे, दणकट मुंगळे असे दोन्ही दिसतात. ही दोन कुळं नाहीत, एकाच वसाहतीतले कामकरी आहेत.

2. मुंगळे लाकूड खातात का?

नाही. खाते ती वाळवी. मुंगळे लाकूड कोरून फक्त राहायला जागा करतात आणि कोरलेला भुसा बाहेर आणून टाकतात. त्यांचं खाणं म्हणजे गोड पदार्थ, मेलेले किडे आणि झाडावरच्या मावा किडीचा चिकट गोड स्राव.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. कोरायला त्यांना मऊ लाकूड हवं असतं आणि लाकूड मऊ होतं ते ओलीने, बुरशीने. सागाचा जुना, कोरडा गाभा ते सहसा धरत नाहीत. त्याच चौकटीचा खालचा वीतभर भाग रोजच्या फरशी पुसण्याच्या पाण्याने कुजला असेल तर तिथे नक्की शिरतात. त्यामुळे घरातल्या लाकडात मुंगळ्यांचं बिऱ्हाड सापडलं, म्हणजे त्या जागी कुठून तरी पाणी येतंय असं धरून चालायचं. पाणी न थांबवता नुसती फवारणी केलीत तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी दुसरी वसाहत येते.

3. वाळवी आहे की मुंगळे, हे कसं ओळखायचं?

हा फरक आधी करा, कारण दोघांचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळा.

वाळवी उजेडात येत नाही. ती भिंतीवरून, चौकटीवरून मातीच्या बारीक नळ्या करत जाते. नळी नखाने फोडली तर आत पांढुरके, मऊ किडे धावताना दिसतात. मुंगळे उघड्यावर फिरतात, मातीच्या नळ्या करत नाहीत.

पोखरलेलं लाकूड उघडून पाहिलंत तर शंका राहत नाही. मुंगळ्यांनी कोरलेले बोगदे आतून स्वच्छ आणि गुळगुळीत असतात, पॉलिश पेपर फिरवल्यासारखे. वाळवीच्या बोगद्यांत माती आणि विष्ठा चिकटलेली असते आणि लाकडाचे थर वहीच्या पानांसारखे सुटे होतात.

पंखवाले किडे पडले असतील तर भिंग घ्या, किंवा मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. मुंगळ्याची कंबर बारीक, मिशा कोपरात वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा लांब. वाळवीची कंबर जाड, मिशा सरळ, चारही पंख सारख्याच लांबीचे. आणि वाळवीचे पंख चटकन गळतात, म्हणून सकाळी खिडकीपाशी नुसत्या पंखांचा ढीग सापडतो.

दोन्ही एका घरात असू शकतात. मुंगळे वाळवी खातात, पण म्हणून त्यांना राखणीला ठेवावं असं काही नाही.

4. चौकटीखाली रोज भुसा पडतो, पण मुंगळा एकही दिसत नाही. मग हे काय आहे?

भुसा पांढऱ्या कागदावर घ्या आणि नीट बघा. मुंगळ्यांचा भुसा भरड, तंतुमय असतो. त्यात लाकडाच्या कपच्यांबरोबर मेलेल्या किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे, कधी मुंगळ्यांचीच प्रेतंही असतात. ते घर झाडतात तेव्हा सगळा केर त्याच भोकातून बाहेर टाकतात.

पावडर इतकी बारीक असेल की बोटांत चोळल्यावर कणच लागत नाही आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं असतील, तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं काम. बोट जाईल एवढं गोल भोक आणि उन्हाळ्यात आसपास गुंजारव करणारा काळा मोठा भुंगा दिसला, तर तो सुतारभुंगा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मुंगळे दिवसा न दिसणं यात नवल नाही. उन्हाळ्यात ते बरेचसे काम रात्री करतात.

5. पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले मुंगळे जमले. घरात वारूळ आहे असं समजायचं का?

ते निघाले कुठून यावर अवलंबून आहे. अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या दिव्यावर बाहेरून आले असतील तर काही समजायचं नाही. पावसाच्या सुरुवातीला गावभरातल्या वारुळांतून नर आणि राण्या उडतात आणि दिव्याकडे येतात. अर्धा तास दिवा बंद ठेवा, पुरे.

पण खिडक्या बंद असताना खोलीतल्या खोलीत, चौकटीच्या फटीतून किंवा फॉल्स सीलिंगमधून एकामागून एक बाहेर पडत असतील, तर बिऱ्हाड आतच आहे आणि जुनं आहे, कारण नवी वसाहत पंखवाले काढत नाही. कुठल्या फटीतून निघताहेत तिथे खडूची खूण करा. व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या, पण त्या फटीत स्प्रे मारू नका. कारण प्रश्न 9 मध्ये.

6. ते राहतात कुठे, हे शोधायचं कसं?

यात पैसे लागत नाहीत, झोप मात्र जाते. आणि या कामाला जेवढा वेळ द्याल तेवढं पुढचं सोपं.

संध्याकाळी रांगेच्या वाटेवर एका झाकणात गुळाचं दाट पाणी आणि दुसऱ्यात शेंगदाण्याचं वाटण किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवा. दोन्ही ठेवायचं कारण असं की वसाहतीत अळ्या वाढत असतील तेव्हा त्यांना गोडापेक्षा प्रथिनं जास्त हवी असतात. रात्री नऊ-दहानंतर घरातले दिवे घालवा. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीन कागद लावा. लाल उजेड मुंगळ्यांना फारसा दिसत नाही, त्यामुळे ते बिथरत नाहीत.

आता खाण्याकडे येणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. खाऊन परत जाणाऱ्यांकडे बघा. भरलेल्या मुंगळ्याचं पोट ताणलेलं असतं, पट्ट्यांमधली फिकट कातडी दिसते आणि तो वाटेत फारसा रेंगाळत नाही. एक धरा आणि जमेल तितकं त्याच्या मागे जा. वायर, पाइप, भिंतीचा कोपरा, पडद्याची दांडी अशा धारा त्यांना आवडतात. जिथे दिसेनासा झाला तिथे चिकटपट्टी लावा आणि दुसऱ्याच्या मागे लागा. तीन-चार मुंगळे एकाच फटीत शिरले की जागा कळली. रांग खिडकीबाहेर, केबलवरून झाडाकडे गेली तर प्रश्न 11 कडे जा.

घरातच संपली, तर त्या लाकडावर पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. भरीव लाकूड बद्द वाजतं, पोखरलेलं पोकळ. ठोकल्यावर कान लावा. बिथरलेले मुंगळे लाकडावर डोकं आपटतात तेव्हा आतून बारीक खरखर ऐकू येते. मग पेचकसाचं टोक हलक्या हाताने दाबून बघा. ते सहज आत गेलं तर लाकूड कुजलं आहे.

जागा आधी या क्रमाने तपासा: बाथरूमच्या चौकटीचा पाय, सिंकखालची कपाटं, कुलरमागची खिडकी, पाण्याच्या टाकीखालचं छत, एसीचं पाणी भिंतीवर पडतं ती जागा, माळा.

7. बिऱ्हाड सापडलं. आता काय करायचं?

त्याच दिवशी लाकूड उपटून काढू नका, म्हणजे सगळे घरभर पसरणार नाहीत. पाणी कुठून येतं ते आधी बघून ठेवा.

जागा छोटी असेल तर काम घरी होतं. पोकळ भागात 10 ते 15 सेंटिमीटर अंतराने 3 मिलिमीटरची भोकं पाडा आणि रिकाम्या सॉसच्या बाटलीने कोरडी बोरिक पावडर आत फुंका. थोडीच फुंका. ढीग झाला तर मुंगळे त्याला वळसा घालतात. नाकातोंडाला मास्क, हाताला ग्लोव्हज, आणि जवळ वीज असेल तर हे करू नका (प्रश्न 14). पावडर ओली झाली की गोळा होऊन बसते, म्हणून पुन्हा गळती बंद करण्यावरच यायचं. भोकं लगेच बुजवू नका. दोन-तीन आठवडे हालचाल बघा, मग लांबी (पुट्टी) भरा.

हालचाल थांबली की सुतार. कुजलेला तुकडा कापून नवं लाकूड जोडताना त्याला सांगा की कापलेल्या आडव्या टोकाला, जिथे लाकडाचे रेषे उघडे पडतात, तिथे प्रायमरचे दोन हात हवेत. बहुतेक जण समोरची बाजू रंगवतात आणि फरशीकडचं टोक कोरडं सोडतात. पाणी तिथूनच चढतं. बाथरूमला तर मी लाकडी चौकट पुन्हा बसवूच देत नाही, ग्रॅनाइटची लावतो.

कधी कधी एवढं करूनही थोडे मुंगळे दिसत राहतात. बऱ्याच जातींत राणी, अंडी आणि लहान अळ्या एका मूळ बिऱ्हाडात असतात आणि मोठ्या अळ्या, कोष व कामकरी आसपासच्या उपबिऱ्हाडांत. तुम्हाला सापडलं ते उपबिऱ्हाड असू शकतं. मूळ बाहेर झाडाच्या ढोलीत असेल तर आमिषाशिवाय तिथे पोचता येत नाही.

8. बोरिक पावडरचं आमिष घरी कसं करायचं?

अर्धा लिटर कोमट पाणी, 50 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम बोरिक पावडर. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. म्हणजे बोरिक एक टक्का झालं. "जास्त टाकलं तर लवकर मरतील" हा विचार इथे उलटा पडतो. तीव्र आमिष त्यांना नकोसं होतं, किंवा खाणारा वाटेतच मरतो. आपल्याला तो घरी पोचायला हवा आहे. मुंगळे पोटातल्या साठवणीच्या पिशवीत खाणं भरून नेतात आणि तोंडातोंडी बाकीच्यांना, अळ्यांना आणि राणीला देतात. विष राणीपर्यंत जायचा हा एकच रस्ता आहे.

कापसाचा बोळा या पाण्यात भिजवून झाकणाच्या डबीत ठेवा, डबीला बाजूने मुंगळा जाईल एवढी भोकं पाडा आणि रांगेच्या कडेला ठेवा. रांग पुसू नका, जवळपास फिनाइल नको, स्प्रे तर अजिबात नको. पहिल्या दिवशी गर्दी वाढलेली दिसेल, ती वाढायलाच हवी. बोळा दोन-तीन दिवसांनी बदला. फरक पडायला एक ते तीन आठवडे धरा. गोडाला तोंड लावत नसतील तर तेवढ्याच प्रमाणात शेंगदाण्याच्या वाटणात कालवून बघा.

पावडर केमिस्टकडे मिळते. घरात कॅरमची पावडर असेल तर पाकीट वाचा. हल्ली बऱ्याच पाकिटांत बोरिक नसतंच. लहान मुलं आणि जनावरांबद्दल प्रश्न 17 वाचल्याशिवाय हे ठेवू नका.

9. स्प्रे मारतो, कीटकनाशक खडूची रेघ ओढतो. चार दिवसांनी परत येतात. असं का?

कारण बाहेर दिसणारे हा वसाहतीचा थोडासाच भाग आहे. तुम्ही शंभर मारलेत तरी आत राणी आहे आणि ती अनेक वर्षं जगते. शिवाय खडू आणि बहुतेक स्प्रेंमधली पायरेथ्रॉइड गटातली औषधं मुंगळ्यांना जाणवतात. ते वाट बदलतात, क्वचित बिऱ्हाड हलवतात, आणि मग जे स्वयंपाकघरात होते ते बेडरूममध्ये निघतात. आमिष ठेवलं असेल त्याच आठवड्यात खडूची रेघ ओढली तर आमिष फुकट.

स्प्रेचा उपयोग एकच: पाहुणे यायला दहा मिनिटं आहेत आणि दिवाणखान्यात रांग आहे. तेव्हाही मी साबणाच्या पाण्याचं फडकं घेईन.

10. हळद, दालचिनी, कापूर, व्हिनेगर, लिंबू?

वासाने वाट मोडते, दोन दिवस रांग दुसरीकडून जाते. बिऱ्हाडाला काही होत नाही.

11. अंगणातल्या झाडाखाली मोठं वारूळ आहे. ते नष्ट करायचं का?

माझं मत विचाराल तर नाही. बागेत ते जमीन भुसभुशीत करतात, मेलेले किडे उचलतात. तुमचं भांडण फक्त त्यांच्या घरात येण्याशी आहे, तर तो रस्ता तोडा.

घराला टेकलेल्या फांद्या दोन हात मागे छाटा. कपडे वाळत घालायची दोरी झाडाला बांधली असेल तर सोडा. केबल भिंतीत शिरते तिथली फट सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवा. सरपण, जुन्या फळ्या, फुटके पाट भिंतीला लावून रचू नका. ओल धरणारी ती रास म्हणजे घराच्या दारातलं आयतं उपबिऱ्हाड.

मग जास्वंद, लिंबू, शेवगा यांच्या कोवळ्या फांद्या उलट्या करून बघा. मावा किंवा पिठ्या ढेकूण असतील तर मुंगळे त्यांची गायीगुरांसारखी राखण करतात, गोड स्रावासाठी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा धुवा, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा. मावा गेला की झाडावरची ये-जा आपोआप कमी होते.

12. शेजारच्या बा (आजी) झाडाखाली किडियारूं पूरतात, म्हणजे मुंग्यांना पीठ-साखर घालतात. त्यामुळे आमच्याकडे वाढले का?

थोडा हातभार लागतच असणार. खाणं जवळ, तिथे गर्दी. पण यावरून बांना काही बोलायला जाऊ नका. पुण्याचं काम आहे, आणि त्या तुमच्याहून जास्त वर्षं या सोसायटीत आहेत. हात जोडून एवढंच म्हणा, "बा, भिंतीपासून जरा लांब, त्या कोपऱ्यातल्या लिंबाखाली घालाल का?" सहसा ऐकतात. उलट, बाहेर पोट भरलं तर घरात कमी येतात असं त्यांचं म्हणणं असेल, आणि ते अगदीच चूक नाही.

13. ज्या तुळईला झोपाळा टांगलाय त्यातूनच भुसा पडतोय. झोपाळा वापरला तर चालेल?

नाही. आज उतरवा. बाकी सगळ्या प्रश्नांना "बघू, आठवड्याने" चालेल, याला नाही.

झोपाळ्याचं वजन एका जागी पडतं आणि प्रत्येक झोक्याला हिसका बसतो. कडीचा हूक तुळईच्या आरपार जातो, त्या भोकातून छताचं पाणी उतरतं, आणि नेमकं तिथलंच लाकूड मऊ होतं. बाहेरून रंग शाबूत, आत पोकळ, असं खूप वेळा निघतं. ठोकून बघण्यावर विसंबू नका. सुताराकडून दोन-तीन ठिकाणी बारीक गिरमिट मारून घ्या: आतून कोरडा, कणखर भुसा आला तर ठीक. काळा, ओला आला किंवा गिरमिट एकदम धसलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वरचा मजला त्याच तुळईवर असेल तर खाली टेकू लावल्याशिवाय त्या खोलीत झोपू नका.

14. स्विचबोर्डातून मुंगळे निघतात. तिथे काय करायचं?

बोर्डात स्प्रे नाही, पाणी नाही, पावडर नाही. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या. बऱ्याचदा बोर्ड हा नुसता रस्ता असतो. पीव्हीसी पाइपमधून ते वरून किंवा बाहेरून येतात. पाइपचं बाहेरचं तोंड बुजवा आणि आमिष बोर्डाखाली, बाहेर ठेवा. बोर्डामागची भिंत ओली लागली तर मुंगळे राहू द्या, आधी गळती आणि वायरिंग बघा.

15. पुरात घरात पाणी आलं होतं. त्यानंतर मुंगळे वाढले. संबंध आहे का?

आहे, दोन्ही बाजूंनी. 31 जुलै 2019 चा पाऊस असो की ऑगस्ट 2024 चा विश्वामित्री नदीचा पूर, जमिनीतली वारुळं बुडतात तेव्हा मुंगळे अळ्या तोंडात धरून वर चढतात आणि घरं उंचावर असतात. (नदीतली मगर चढली तर मात्र वनखात्याला फोन करायचा, मला नाही.) हे पाहुणे पाणी ओसरल्यावर बरेचसे परत जातात.

दुसरी बाजू हळू उघडते. पाण्यात बसलेल्या चौकटी, दिवाणाचे पाय, किचनच्या प्लायची कपाटं वरून वाळल्यासारखी दिसतात, आत महिनोन् महिने ओल राहते. त्यावर घाईने ऑइल पेंट मारला की ओल आतच कोंडते. ज्यांनी पुरानंतरच्या दिवाळीला रंग काढला, त्यांच्या चौकटी पुढच्या पावसाळ्यात पोकळ वाजल्या तर आश्चर्य नाही. रंग खरवडा, कपाटांच्या मागच्या फळ्या काढा, निदान एक पूर्ण उन्हाळा वाळू द्या.

16. आमच्याकडे सगळं प्लाय आणि फ्लश डोअर. साग नाहीच. मग धोका नाही ना?

साधं फ्लश डोअर आतून भरीव नसेल तर मुंगळ्यांना कोरायचे कष्टही नाहीत. कुलपाच्या भोकातून आत गेले की तयार खोली. थर्माकोल, फोमची शीट, एसीच्या पाइपवरचं आवरण यातही ते राहतात. दार ठोकल्यावर आत खरखर आली तर बिजागऱ्या सोडून दार बाहेर उन्हात आडवं टाका. दोन-तीन तासांत बहुतेक जण अळ्या घेऊन निघतात. मग खालची कड बघा, बाथरूमच्या दारांची ती जवळजवळ नेहमी उघडी, बिनरंगाची असते.

17. घरात रांगतं बाळ आहे, मांजर आहे, माशांची टाकी आहे. काय वापरू नये?

बोरिक पावडर "घरगुती" म्हणून निरुपद्रवी समजू नका. पोटात गेली तर लहान मुलाला अपाय होतो. आमिषाची डबी स्क्रूने किंवा टेपने बंद, आणि हाताला येणार नाही अशा जागी. उरलेल्या साखरपाण्याची बाटली फ्रिजमध्ये कधीच नको, सरबत समजून कोणीतरी पितं. कीटकनाशक खडू बाळाच्या हाती लागला तर तो पाटीवरचा खडू समजून तोंडात घालणार, म्हणून तो घरातच आणू नका.

पायरेथ्रॉइड औषधं माशांना फार घातक असतात, आणि त्यातलं परमेथ्रिन मांजरांनाही. फवारणी करायचीच असेल तर टाकी झाका, हवेचा पंप बंद करा, मांजर दुसऱ्या घरी. विकत घेतलेल्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. लाल-पिवळ्या त्रिकोणाचं शेतीचं औषध कोणी "आमच्या शेतातलं आहे, जबरी काम करतं" म्हणून दिलं तर नम्रपणे परत करा.

18. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचं तर काय विचारायचं?

फोनवर "मंकोडा" (मुंगळा) म्हणायचं की "ऊधई" (वाळवी), हे आधी तिसऱ्या प्रश्नावरून ठरवा, कारण दर त्यावर ठरतो. ऊधईच्या कामात भिंतीकडेने फरशीला भोकं पाडून जमिनीत औषध सोडतात. जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ते योग्य आहे, त्याची भारतीय मानक संहिताही आहे, आयएस 6313. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतल्या मुंगळ्यांना त्याचा काही उपयोग नाही. तरी तेच पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न होतो.

विचारा: राज्य सरकारचा परवाना आहे का? औषधाचं नाव आणि प्रमाण बिलावर लिहून द्याल का? बिऱ्हाड शोधणार की सरसकट फवारणार? आधी शोधायला वेळ देणारा, आमिषाची भाषा करणारा माणूस ठेवा. "वीस मिनिटांत पूर्ण घर" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि त्याच्या येण्याआधी रांगा पुसून घर चकाचक करू नका, त्याला बघायला काही राहत नाही.

19. टेनामेंटची भिंत सामाईक आहे. शेजाऱ्यांकडे गळती, आमच्याकडे मुंगळे. भाडेकरू असाल तर?

गळतीचा फोटो तारखेसह ठेवा आणि शेजाऱ्यांना ओलीबद्दल बोला, मुंगळ्यांबद्दल नंतर. "तुमच्यामुळे किडे" म्हटलं की दार बंद होतं. "तुमच्या भिंतीचं प्लास्टर सुटेल" म्हटलं की प्लंबर येतो. भाडेकरूंनी घरमालकाला लेखी कळवावं. लाकूड बदलणं मालकाचं काम, उघडा डबा न ठेवणं तुमचं. तोवर आमिष दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठेवलं तर लवकर भागतं.

20. मुंगळा चावला तर?

नांगी नसते. जबड्याने चावतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून चुरचुरतं. साबणाने धुवा, बर्फ लावा. चेहरा सुजला, श्वास लागला तर तडक दवाखाना.

21. आजोबांच्या वेळचं सागवानी देवघर आहे, त्याच्या पायात मुंगळे शिरलेत. त्यावर औषध मारायला मन होत नाही.

मारूच नका, गरज नाही. देव दुसऱ्या पाटावर हलवा, देवघर सकाळच्या कोवळ्या उन्हात गॅलरीत आडवं ठेवा आणि लाकडी हातोडीने पाय हळू ठोका. भर दुपारचं ऊन नको, जुन्या सागाला तडे जातात. मुंगळे अळ्या घेऊन निघू लागतील. खाली पाण्याची परात असली तर परत घरात शिरत नाहीत.

मग पायाचा तळ बघा. अभिषेकाचं पाणी आणि रोजचं फरशी पुसणं, त्या दोघांनी मिळून तो खाल्लेला असतो. जुन्या लाकडाचा पांढरा भाग आधी जातो, गाभा बहुतेक वेळा शाबूत निघतो. कुजका भाग तासून सागाचाच तुकडा जोडा, तळाला दोन हात जवसाचं तेल द्या आणि प्रत्येक पायाखाली अर्ध्या इंचाचा दगडी किंवा रबरी तुकडा बसवा. भिंत ओली असेल तर देवघर चार बोटं पुढे ओढून ठेवा, आणि नैवेद्य आरतीनंतर तिथेच राहू देऊ नका.